साफ आवाज

"चपला बाहेर अन् मोबाईल बंद," अमरसिंह म्हणाला. "देऊळ समजा."

बंकटनं दोन्ही केलं. नेकनूरहून बीड, बीडहून कडा अशा दोन एसट्या बदलून तो आला होता, आणि अंगाला अजून शेळ्यांचा वास येत असेल म्हणून जरा अंग चोरूनच आत शिरला. खोली बघून मात्र सगळं विसरला. भिंतींना जाड गाद्या, छताला लाकडी फळ्या, समोर माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर, आणि बरोब्बर मधोमध एकच खुर्ची. अमरसिंहचा ऊस चांगला, बापाची राजकारणातली पुण्याई त्याहून चांगली. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते अशांच्या घरी खरं होतं.

बंकटची हौस भंगारातली. जुन्या बाजारातला अ‍ॅम्प्लिफायर, स्वतः ठोकलेली स्पीकरची खोकी, आणि ऐकायला गोठ्यातली जनावरं. पण जिल्ह्यातल्या आवाजवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघांची गाठ पडली आणि जमलं. वेड्याला वेडा भेटला की बाकीचं कोण बघतंय!

पिशवीतून त्यानं बाजरीच्या खारवड्यांचा डबा काढून दिला.

"सूनबाईंनी केल्या का?" अमरसिंहनं विचारलं.

"घरच्या हायत," बंकट म्हणाला. घरातल्या बाईमाणसाबद्दल चारचौघांत बोलायची त्याला सवयच नव्हती.

आणि आज तर त्याचं लक्षही त्यात नव्हतं. गेल्या महिन्यात त्यानं अमरसिंहच्या हातात एक कॅसेट दिली होती. पंचमीचं गाणं होतं तिच्यात, पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी घरीच भरलेलं. फितीला बुरशी चढलेली. तुटेल या धास्तीनं बंकटनं ती कितीतरी वर्षं वाजवलीच नव्हती. रुमालात बांधून देव्हाऱ्यात ठेवली होती. अमरसिंहकडे जपानचा डेक आहे म्हटल्यावर कुठं धीर झाला. देताना एवढंच बोलला होता, "गेलेल्या माणसाचा आवाज हाय दादा. दुसरं काहीच ऱ्हायलं न्हाई. जपून करा."

फोटोसुद्धा नव्हता एक. त्या काळी कोण काढत होतं?

अमरसिंहनं शब्द पाळला होता. रात्र रात्र कॉम्प्युटरपुढं बसून त्यानं तो आवाज वर काढला होता, सांगताना त्याचेच डोळे चमकत होते. पाहुण्याला त्यानं मधल्या खुर्चीत बसवलं. दोन्ही स्पीकरचा आवाज तिथं एक होतो, म्हणून ती जागा यजमान सहसा सोडत नाही. ती बंकटला दिली, दिवा घालवला आणि स्वतः मागं उभा राहिला.

गाणं सुरू झालं.

ना खरखर, ना सूं सूं. तरण्या बाईचा गळा, इतका लख्ख की जणू ती दोन हातांवर बसून गातेय. कडवं संपल्यावर तिनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. बंकटनं खुर्चीचे हात घट्ट धरले. दुसऱ्या कडव्याला तो पुढं सरकला, मान तिरकी करून बसला. कडवं गेलं. तिसरं गेलं. गाणं संपलं.

"दादा, एकडाव परत लावा," तो म्हणाला.

परत लावलं. या वेळी संपलं तेव्हा बंकट रडत होता. आवाज न करता, पण चांगला रडत होता. अमरसिंहनं दिवा लावला. आपल्या एवढ्या खटाटोपाचं सोनं झालं असं त्याला वाटलं.

"वहिनींना समोर आणून बसवलं की नाही?" तो हळूच म्हणाला.

बंकटनं बाहीनं डोळे पुसले.

मग अमरसिंहची गाडी सुटली. मूळ फितीत काय कचरा होता म्हणून सांगू, म्हणाला. शेळ्यांच्या घंट्या, पत्र्याचा खडखडाट, कुत्रं, कुणाचं तरी बोबडं पोर सारखं मधे मधे करतंय. गळ्यावरची सगळी घाण झाडून काढली. एक कण ठेवला नाही.

"ती फीत कुटं हाय?" बंकटनं विचारलं.

फितीचा भुगा झाला होता. एकदाच कशीबशी चालली, मग तुकडे पडले, टाकून दिली.

"अन् कॉम्प्युटरवर? साफ करायच्या आदीचं?"

"ते कशाला ठेवू? चांगलं झाल्यावर उडवलं." अमरसिंह हसला. "का? काही राहिलं का?"

अस्सा राग आला बंकटला, त्या गाद्यांचा, त्या स्पीकरांचा, त्या हसणाऱ्या तोंडाचा. पण समोरचा माणूस त्याच्यासाठी महिनाभर खपला होता, पैसुद्धा घ्यायला तयार नव्हता. अशावर रागवायचं तरी कुठल्या तोंडानं? चूक आपलीच, त्याला वाटलं. नीट चार शब्द सांगायला काय धाड भरली होती?

"न्हाई," तो म्हणाला. "लई साफ झालंय."

अमरसिंहनं पेनड्राइव्ह त्याच्या खिशात घातला, जेवायला थांबायचा आग्रह केला. बंकट थांबला नाही. एसटीत खिडकीला डोकं टेकून तो बीडपर्यंत तसाच बसून राहिला, आणि घरी गेल्यावर काय सांगायचं ते नेकनूर आलं तरी त्याला सुचलं नाही.

दिवस कलला होता. गोठ्याजवळ आला तर आतून तेच पंचमीचं गाणं येत होतं. संगीता, त्याची बायको, शेळीची धार काढता काढता गुणगुणत होती. गळा आता घोगरा झाला होता, पण चाल तीच. त्याला पाहून ती उठली, पदराला हात पुसत लगबगीनं पुढं आली, आणि तिचं तोंड कितीतरी वर्षांनी असं फुललेलं होतं.

"माजं गाणं ऱ्हाऊ द्या, ते काय मी रोजच म्हणते," ती म्हणाली. "आपला म्हाळू मधीच 'आई, गप की' म्हणतो न्हवं, तेवडं ऐकवा."