ढब्बूची उडी

ओट्यावरचा केक तिसऱ्यांदा नाहीसा झाला, तेव्हा सुनेने ढब्बूचं तोंड हुंगून पाहिलं. वास नाही, मिशांना चुरा नाही. म्हणजे कुत्रा चांगलाच बनेल!

"मेला ओट्यावर उड्या मारतो, मी या डोळ्यांनी पाहिलंय," सासरे म्हणाले. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून ते कुत्र्यावर जास्तच करवादायचे. "रविवारपर्यंत सुधारला नाही, तर देऊन टाक कुणाला तरी."

कुत्र्यांना शिकवणाऱ्या बाईंनी उपाय सांगितला. ओट्याच्या कडेला रिकाम्या डब्यांची उतरंड रचायची. उडी मारली की डबे कोसळतील, आणि त्या आवाजाच्या धसक्याने कुत्रा पुन्हा तिकडे फिरकणार नाही.

दुपारी सासरे लवंडले, तसे तिने गुपचूप सहा डबे रचले, त्यामागे केक ठेवला. तो उडी कधी मारतो हे पाहायला ढब्बूवरची नजर हटवली नाही. त्याची फिरायची वेळ झाली, तशी मात्र त्याला घेऊन बाहेर पडली. परत येऊन ती दाराचं कुलूप काढते न काढते, तोच आत डबे धडाधड कोसळले. ढब्बू दचकून तिच्या पायांत शिरला.

आतून सासरे ओरडले, "हाड! ढब्ब्या, उतर आधी ओट्यावरून!"