शेवटचा धूर

टोकावड्याजवळच्या पाड्यावर उडत्या तबकडीवाल्या मालिकेचं शूटिंग आलं. गोष्ट अशी, की जग संपणार म्हणून एका बाबाचे भक्त घरदार टाकून डोंगरावर जातात आणि मग आभाळातून आग पडून कुणीच उरत नाही. रंगूलाही भक्त केलं होतं. टीव्हीत दिसणार म्हणून तिनं कल्याणला दिलेल्या लेकीला, योगिनीला, आधीच कळवून ठेवलं.

पण डोंगरावर निघायचा शंख वाजला की सगळे दाराबाहेर पडायचे आणि रंगू तेवढी चुलीकडे वळायची.

"आजी, अहो जग संपतंय! आत काय करताय?" दिग्दर्शक वैतागला.

"निखारं राखंत झाकते, बाबा. उद्या चूल कशी पेटवू?"

"आजी, उद्या नाहीच आहे!"

"बरं," ती म्हणायची, आणि पुढच्या खेपेला उन्हानं दमलेले पाय पुन्हा चुलीकडेच. शेवटी तिला तिच्या घरातच बसवून त्यांनी काम उरकलं.

टीव्हीवर तो भाग लागला. तबकडी थर्माकोलची वाटत होती, बाबाची दाढी सुटत होती; आग मात्र खरी वाटली. शेवटी नुसता ओसाड पाडा, आणि एका घराच्या कौलांतून धूर.

"मेलेल्या जगात चूल कुणी पेटवली रे?" म्हणत पाडा हसला.

तेवढ्यात योगिनीचा फोन आला. "आये, अख्खा भाग बघितला. तू कुठंच दिसली नायस गो."



"बघितलंस की. सगळं संपल्यावर धूर निघत होता ना, ती मीच."