काळं पॉलिश

पिरंगुटच्या कारखान्यात कामाला असलेला जयवंत गावच्या गायन पार्टीत भीमगीतांना साथ करायचा. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याने पुण्याच्या जुन्या बाजारातून एक मोडकी इलेक्ट्रिक गिटार आणली. होडीसारखी लांबट होती, बनवणाऱ्याचं नाव कुठंच नव्हतं. तिच्या बदल्यात त्याने सायकल देऊन टाकली.

त्याची बायको चांगुणा आजारी होती, खाटेवरून उठत नव्हती. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं.

"एकदा वाजवून दावा, मग मी सुखानं डोळं मिटीन," ती म्हणायची.

त्याने तारा बदलल्या, आतली वायर डाग देऊन जोडली. शेवटी लाकडाला काळं पॉलिश केलं आणि दुपारी खाटेशी बसून फडक्याने घासत राहिला. लाकूड आरशासारखं चकाकलं. त्यात त्याला आपला चेहरा दिसला, मागची खाट दिसली, वाकळ दिसली. खाटेवर चांगुणा नव्हती.

त्याने दचकून मागं पाहिलं. ती उशीला टेकून त्याच्याकडेच बघत होती. पुन्हा गिटारीत पाहिलं, तर खाट रिकामी.

"काय झालं वं?"

"काय न्हाई."

"मला बी बघू द्या की. लई दिस झालं तोंड बघून."

त्याला नाही म्हणवेना. तिच्या खांद्याला खांदा लावून बसत त्याने गिटार दोघांसमोर धरली. त्याला त्यात अजूनही एकटा तोच दिसत होता.

चांगुणाने केस सारखे केले.

"किती वाळले मी," ती म्हणाली. मग तिचा हात केसांवरच थांबला.

"अवं, पण यात मी एकलीच कशी?"