टोकन त्रेसष्ट

१७

"मामा, आता तुमचा घसा बसायचा नाही हो!" सतरा नंबरची आजी टोकनाची चिठ्ठी घेत म्हणाली आणि खुर्चीवर जाऊन बसली.

बसली!

पूर आला की शाळेच्या हॉलमध्ये मदतीचं वाटप, आणि खिडकीत मामा, हे अकरा वर्षं ठरलेलं. त्यांनी हाक मारली की रांग हलायची. या वेळी खिडकीत नव्या मॅडम होत्या. आधी इस्पितळात केसपेपरची खिडकी सांभाळायच्या म्हणे. मामांच्या वाट्याला दार. टोकन द्यायचं, त्यावर वेळ लिहायची. कोण किती थांबलं, ते मॅडम वहीत मांडायच्या.

तीन तासांची रांग चाळीस मिनिटांवर आली, आणि मामांच्या पोटात दुखायला लागलं.

६३

'दहा दहा' अशी वेळ लिहून त्रेसष्ट नंबर मामांनी स्वतःच्याच खिशात घातला. पुढच्या माणसाला चौसष्ट दिला.

अडू दे तिथं. मग बघू बाईंचा थाट.

६४

"त्रेसष्ट!"

मामांनी कान टवकारले.

"त्रेसष्ट... त्रेसष्ट आहेत का?"

मॅडमनी एक ब्लँकेटचा गठ्ठा उचलून बाजूच्या बाकावर ठेवला.

"चौसष्ट."

एवढंच. रांगेला ठेचसुद्धा लागली नाही.

२१२

शेवटचा माणूस चारला गेला. हॉल रिकामा. बाकावर तो गठ्ठा.

"तुम्ही निघा, मामा. मी थांबते."

"कशाला? यायचा असता तर आला नसता का?"

"सकाळी दहाला दारापर्यंत आलेला माणूस रिकाम्या हातानं का जाईल? चक्कर येऊन कुठं बसला असेल तर?"

मामांनी चपला घातल्या. काढल्या. फाटकापर्यंत जाऊन आले. मॅडम खिडकीतच होत्या, डोळे दाराकडे.

६३

मामा खिडकीच्या बाहेरच्या बाजूला येऊन उभे राहिले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. इथून खिडकी बरीच उंच होती.

घामानं मऊ झालेलं टोकन त्यांनी आत सरकवलं.

मॅडमनी ते बोटांनी सरळ केलं. वेळ वाचली. मामांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. वही ओढून शेवटच्या ओळीत आकडा लिहिला.

"सहा तास वीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "आज सगळ्यांत जास्त तुम्हीच थांबलात, मामा."