पोरगी कामावर आहे

ट्रक सुरूच होता. मेजर डॉक्टर शाळेच्या पायरीवरून ओरडत होते, ‘सिस्टर, चढ गाडीत! मागे हटायचा हुकूम आहे.’

सिस्टर दारातून हलली नाही. तिच्या मागे वर्गाची खोली होती. बाक बाहेर फेकून तिचा वॉर्ड केला होता. जे चालू शकत होते, बसू शकत होते, ते जखमी ट्रकमध्ये गेले. आत जमिनीवरच्या गाद्यांवर चौघं उरले. दोघांची पोटं सकाळीच शिवली होती. तिसऱ्याला शुद्ध नव्हती. चौथा पलटणीचा आचारी, कंबरेचं हाड मोडलेला. खड्ड्यांच्या रस्त्यानं नेलं असतं, तर एकही जगला नसता. मेजरना हे तिच्याइतकंच ठाऊक होतं. म्हणून तर ते तिच्या नजरेला नजर देत नव्हते.

‘शत्रूनं पूल ओलांडलाय. तू थांबून करणार काय?’

‘सलाइन बदलणार.’

‘वेडी आहेस का? तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?’

आईचं नाव निघालं आणि ती जरा चुळबुळली. आजवर तिनं घरी धादांत खोटं लिहिलं होतं. आघाडीपासून लांब, गोदामात औषधं मोजते, जेवण बरं असतं, काळजी नसावी. आईनंही ते खरं मानून उलट कळवलं होतं, गोदामात गारठा असतो, पायात मोजे घालत जा.

तिनं मेजरांच्या खिशातलं पेन ओढून घेतलं. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, कागद भिंतीला टेकवून लिहिलं. ‘आई, मी गोदामात कधीच नव्हते. पहिल्या दिवसापासून जखमींमध्येच आहे. आज सगळे निघालेत, मी थांबतेय. परत ये म्हणशील, पण मी तुझं कधी ऐकलंय? रडत बसू नकोस. कुणी विचारलं तर मान वर करून सांग, पोरगी कामावर आहे.’

‘हे पोचवा,’ ती मेजरना म्हणाली. ‘म्हणजे तोंड दाखवायचं संकट टळेल.’

मेजरनी कागदाची घडी केली. आपली औषधांची पेटी पायरीवर उतरवली आणि ते गाडीत चढले.

धुरळा खाली बसला. आचारी गादीवरून म्हणाला, ‘अजून पळालात तर ट्रक गाठाल.’

‘कंबर मोडली, पण जिभेचं हाड शाबूत दिसतंय तुमच्या.’

‘जिभेला हाड नसतं, सिस्टर. म्हणून तर वाचली.’

बाहेर गोळ्या झडू लागल्या. आधी लांब, मग शाळेच्या आवारात. सिस्टरनं सलाइनची बाटली बदलली. सुई नीट बसली आहे ना, ते तपासलं. तेवढ्यात दाराला लाथ बसली. उंबऱ्यात शत्रूचा एक सैनिक उभा होता. बंदूक रोखलेली, चेहरा मातीनं माखलेला.

ती चौघांच्या आणि त्याच्या मधे जाऊन उभी राहिली. ‘बंदूक बाहेर ठेव. हा वॉर्ड आहे.’

त्याला भाषा कळली की नाही, देव जाणे. तो नुसता बघत राहिला. मग बंदुकीची नळी खाली झुकली. त्याच्या बाहीतून रक्ताची धार लागली होती. बंदूक हातातून निसटून फरशीवरून घसरत आचाऱ्याच्या गादीपाशी गेली आणि तो चौकटीला पाठ घासत खाली बसला.

आचाऱ्यानं दात-ओठ खात हात लांबवला आणि बंदूक ओढून घेतली.

‘बाजूला व्हा, सिस्टर! त्यांचा आहे तो!’

सिस्टर त्या सैनिकासमोर गुडघे टेकून बसली होती. तिची पाठ आता बंदुकीच्या नळीसमोर होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

‘दारातून आत आला, तेव्हाच माझा झाला,’ ती म्हणाली. ‘ठेवा ती खाली, आणि चादरीची एक लांब पट्टी फाडून द्या.’