उतारावर शून्य

चार प्लग, पाच वायरी, एक कॉइल, एक कंडेन्सर. नेवेनाने सगळं नवं बसवलं, तरी वडिलांची जुनी गाडी बल्गेरियातल्या रोडोपी डोंगराच्या घाटात उतार लागताच बंद पडे आणि पायथ्याशी आपसूक चालू होई. उद्या त्यांना जाऊन चाळिसावा दिवस. प्रथेप्रमाणे उकडलेले गहू घेऊन याच गाडीने थडग्यावर जायचं होतं.

"पेट्रोल वाचवायला म्हातारा त्याच उतारावर किल्ली बंद करायचा, पोरी," मेकॅनिक दोब्रीकाका म्हणाले.

"त्यावरूनच कंजूष म्हटलं मी त्यांना. तेच शेवटचं बोलणं, काका."

काकांनी किल्लीचा स्विचच उपटला आणि बॅटरीची वायर थेट कॉइलला जोडली. "आता बंद करायला तुझ्या बापालाच यावं लागेल!"

कॉइलला व्होल्टमीटर लावून दोघं घाट चढले; माथ्यापर्यंत कॉइलवर बारा पूर्णांक चार व्होल्ट होते.

"चुकले मी, बाबा," नेवेना पुटपुटली.

उतार लागला. मीटरवर शून्य.