अर्धी सोडलेली गोष्ट

चार महिन्यांपासून गप्प असलेल्या आदितीला मांडीवर घेऊन पूर्णिमा दीपाताईंसमोर बसली होती. ताई संमोहनानं उपचार करायच्या.

"बोल म्हणून मागं लागायचं न्हाय, वहिनी," त्या म्हणाल्या. "गोष्ट अर्धी सोडायची. पुढची पोरंच सांगत्यात की."

मग संथ आवाजात त्यांनी हरवलेल्या रेडकाची गोष्ट सुरू केली. "चालून चालून दमलेलं रेडकू मग गेलं तरी कुठं?"

आदितीचे ओठ हलले. "इथंच आलंय की. जिना चढतंय."

लेकीचा आवाज ऐकून पूर्णिमाचे डोळे भरले. तेवढ्यात ताईंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीच्या बंद दाराबाहेर, फरशीवर खुरं वाजली.

ताईंचा चेहरा उतरला. "उघडू नका."

"उघड की, आई," आदिती म्हणाली. "त्याला आई पायजे."

लेक पुन्हा मुकी झाली तर? पूर्णिमानं कडी काढली.